हजेरी मागू नका, नाव मागा

चर्चच्या दारात फादर आईबापांना पहिला प्रश्न विचारतात तो साधा असतो : बाळाचं नाव काय ठेवलंत? दुसराही अवघड नाही : देवाच्या चर्चकडे या बाळासाठी काय मागता? उत्तर एका शब्दाचं, बाप्तिस्मा. अडखळायला होतं ते त्यापुढच्या प्रश्नाला. या मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही अंगावर घेताय, ती काय आहे हे तुम्हाला उमजलंय का? दहावीनंतर किंवा लग्नानंतर ज्यांनी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, पाऊल ठेवलेलं नाही, त्या आईबापांना इथे ‘हो’ म्हणायचं असतं. तेही दोन्हीकडच्या नातेवाइकांसमोर आणि मोबाइल वर धरलेले असताना.

असे आईबाप नागपुरात कमी नाहीत. कुणी मिहानमध्ये पाळ्यांनी काम करतं, कुणाची बुटीबोरीला रविवारीच ड्युटी लागते. काही घरांत एक जण कॅथलिक आणि दुसरा हिंदू किंवा बौद्ध असतो. काहींची नुसतीच सवय मोडलेली असते. चर्चवर राग नसतो, श्रद्धा पार गेलेली असते असंही नाही. बाळ होतं, आजी विचारते ‘बाप्तिस्मा कधी?’ आणि दहा वर्षांत ज्या ऑफिसची पायरी चढलेली नाही तिथे फोन लावावा लागतो.

पलीकडून दोन तऱ्हेची उत्तरं मिळू शकतात. एक : आधी सहा महिने रविवारी या, कार्डावर सही घ्या, मग बघू. दुसरं : येत्या रविवारी मिस्सानंतर बाळाला घेऊन या, दहा मिनिटांत होईल. माझ्या मते ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पहिल्यात चर्च हजेरी मोजतं, दुसऱ्यात काहीच विचारत नाही. विचारायचं असेल तर एकच गोष्ट विचारावी : या मुलाला प्रार्थना कोण शिकवणार, त्या माणसाचं नाव सांगा. नाव सांगता आलं तर बाप्तिस्मा थांबवू नये. सांगता आलं नाही तर घाई करू नये.

हे माझ्या मनचं नाही. कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ८६८ आहे. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी ते दोन अटी घालतं. आईबापांपैकी किमान एकाची, किंवा कायद्याने त्यांच्या जागी असलेल्याची, संमती हवी. आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी आधार असलेली आशा हवी. ही आशा अजिबातच नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा आणि का ढकलला ते आईबापांना सांगावं, एवढंच तिथे म्हटलंय. पुढे ढकलणं म्हणजे नकार नव्हे, आणि कारण न सांगता परत पाठवणं तर कायद्यातच बसत नाही. रविवारच्या उपस्थितीचा आकडा या कलमात कुठेही नाही. आईबापांचं लग्न चर्चमध्ये झालं की कोर्टात, हेही त्यात विचारलेलं नाही.

‘आधार असलेली आशा’ म्हणजे काय, याचा खुलासा रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने ऑक्टोबर १९८० मध्ये बालबाप्तिस्म्यावर काढलेल्या सूचनापत्रात आहे. मिस्सा सोडलेल्या आईबापांचा प्रश्न तिथे थेट घेतलाय. त्याचं सार असं : मुलाच्या ख्रिस्ती वाढीची हमी बहुधा आईबाप किंवा जवळचे नातेवाईक देतात, पण ती दुसऱ्या वाटेनेही येऊ शकते. मुलाची मनापासून काळजी घेणारे धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्यात त्याच्यासाठी उभे राहणारे धर्मपिता-धर्ममाता, असू शकतात, भोवतालच्या श्रद्धावंतांचा आधार असू शकतो. हमी खरी नसेल तर थांबावं. मुळीच नसल्याची खात्री असेल तर नाकारताही येतं. सगळा भर आहे तो हमीवर, आणि हमी देतो तो माणूस. कार्ड हमी देत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी १२ जानेवारी २०१४ रोजी सिस्टीन चॅपेलमध्ये ३२ बाळांना बाप्तिस्मा दिला, त्यात एका बाळाच्या आईबापांचं लग्न फक्त नोंदणी पद्धतीने झालेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं की संस्कारांची दारं वाटेल त्या कारणासाठी बंद करू नयेत, आणि बाप्तिस्मा हे तर दारच आहे. रोममध्ये जे चालतं ते नागपुरात सदरला किंवा मोहननगरला चालणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

हजेरीच्या बाजूने बोलणाऱ्या फादरांचं दुःख मात्र खरं आहे. बाप्तिस्मा झाला की कुटुंब गायब होतं आणि पुन्हा दिसतं ते शाळाप्रवेशाच्या वेळी, दाखला मागायला. राज्यघटनेच्या ३०व्या कलमाखाली चालणाऱ्या अल्पसंख्याक शाळांमध्ये ख्रिस्ती मुलांना प्राधान्य असतं आणि त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो. म्हणून फक्त प्रवेशासाठी येणारे येतात. पण सहीच्या कार्डाने हा रोग बरा होत नाही. दाखल्यासाठी आलेला माणूस सहा महिने सह्या घेतो आणि सातव्या महिन्यापासून येत नाही. जो संकोचाने आला होता, ज्याची श्रद्धा राखेखाली निखाऱ्यासारखी होती, तो कार्ड बघूनच परत फिरतो. चाळणीतून जायला नको तेच जातं आणि जायला हवं तेच अडतं.

नाव मागितलं की बोलणं निराळ्या वाटेने जातं. ‘आम्ही शिकवू’ असं जोडपं म्हणालं तर विचारता येतं : कोणती प्रार्थना, कधी, कोण? ‘आम्हाला स्वतःलाच नीट येत नाही, पण मुलाची आजी रोज रोझरी (जपमाळ) म्हणते, मूल दिवसभर तिच्याकडेच असेल,’ असं उत्तर आलं तर आशेला आधार मिळाला. सहा महिन्यांच्या सह्यांपेक्षा हा आधार भक्कम आहे. कुणाचंच नाव सुचलं नाही, तर त्या जोडप्याला स्वतःलाच कळतं की आपण काय मागतोय. फादरांना वेगळा उपदेश करावा लागत नाही.

म्हणूनच धर्मपिता आणि धर्ममाता यांची निवड हा या सगळ्याचा कणा आहे, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. नियम मोजके आहेत. एक धर्मपिता, किंवा एक धर्ममाता, किंवा दोघं. दोन काका आणि दोन माम्या अशी चौकडी चालत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दोनच नावं जातात. वय १६ पूर्ण हवं. ती व्यक्ती कॅथलिक असावी, तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं) आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं असावं, आणि जगणं श्रद्धेला धरून असावं. मुलाचे आईबाप स्वतः धर्मपालक होऊ शकत नाहीत. दृढीकरणाची अट हमखास विसरली जाते. लहानपणी पहिला ख्रिस्तप्रसाद झाला, मग बारावी, मग पुण्याला नोकरी, आणि दृढीकरण राहूनच गेलं, अशी माणसं घरोघरी आहेत. आदल्या आठवड्यात हे उघडकीला येतं, ऐन वेळी दुसरा माणूस शोधावा लागतो आणि मनं दुखावतात. तेव्हा नाव पक्कं करण्याआधीच विचारा : दृढीकरणाचा दाखला आहे का?

जिवलग मैत्रीण प्रोटेस्टंट आहे, म्हणजे मेथडिस्ट आहे किंवा सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) चर्चला जाते, तर? तिचा बाप्तिस्मा झालेला असेल तर ती साक्षीदार म्हणून उभी राहू शकते; सोबत एक कॅथलिक धर्मपालक मात्र हवा. मैत्रीण हिंदू असेल तर तिची नोंद धर्ममाता म्हणून होत नाही. हे तिला आधीच, घरी बसून, प्रेमाने सांगावं. चर्चमध्ये वहीसमोर उभं असताना सांगण्यासारखं दुसरं वाईट नाही. धर्मपालक परगावी असेल आणि त्या दिवशी येऊच शकत नसेल, तर त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती उभी राहते. वहीत नाव मूळ धर्मपालकाचंच जातं आणि प्रतिनिधीची नोंद वेगळी होते.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीचा आहे. धर्मपालक मानाच्या क्रमाने निवडू नका. थोरल्या दिरांना मान दिला नाही तर वाईट दिसेल, एवढ्यावर निवड झाली की मुलाच्या वाट्याला वर्षाला एक पाकीट येतं. रविवारी स्वतः चर्चला जाणारी, तुमच्या घरापासून स्कूटीवर वीस मिनिटांत पोचणारी, मूल सात वर्षांचं झाल्यावर त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गाला नेऊन सोडेल अशी एखादी चुलत बहीण असेल, तर तिला विचारा. चर्चला न जाणाऱ्या आईबापांनी करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

आता आईबापांच्या स्वतःच्या शब्दांचं. समारंभात सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली देण्याचा भाग येतो. प्रश्न विचारले जातात, उत्तरं मोठ्याने द्यायची असतात. ज्याचा विश्वास नाही त्याने काय करायचं? खोटं बोलायचं? नाही. बालबाप्तिस्म्याच्या विधीच्या प्रस्तावनेतच याचं उत्तर आहे : आईबापांपैकी एकाला ही कबुली देता येत नसेल, उदाहरणार्थ तो कॅथलिक नसेल, तर त्याने गप्प राहावं. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की मुलाला या श्रद्धेचं शिक्षण मिळावं याची सोय त्याने करावी, निदान परवानगी द्यावी. ही सवलत घराघरांत माहीत व्हायला हवी. बौद्ध बापाला किंवा हिंदू आईला न पटणारे शब्द पुटपुटायची गरज नाही. बाळाला घेऊन शांत उभं राहिलं तरी पुरतं, आणि ते खरं असतं. अट इतकीच की दुसऱ्याने ‘हो’ म्हणताना मनापासून म्हणावं.

दोघांनाही म्हणता येत नसेल तर? मग थांबावं, असंच मी म्हणेन. या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी जाणतेपणी, स्वतःच्या तोंडाने प्रतिज्ञा घेतल्या. त्या शहरात ‘बोलता न येणाऱ्या बाळावर धर्म का घालता, मोठं झाल्यावर त्याचं तो ठरवेल’ हा प्रश्न कुणी केला तर तो उडवून लावण्यासारखा नाही. कॅथलिक उत्तर असं आहे की बाळाला भाषा, नाव, घर हे सगळं न विचारताच मिळतं, आणि श्रद्धाही त्यातलीच देणगी आहे. पुढे दृढीकरणाच्या वेळी ते स्वतःच्या तोंडाने बोलतं. मला हे उत्तर पटतं. पण ते पूर्ण होतं ते घरात देणारं कुणीतरी असेल तेव्हाच. मराठी शिकवणारं कुणीच नसेल तर ‘मातृभाषा मराठी’ असं लिहून काय होणार? शिवाय बाप्तिस्मा एकदाच होतो, तो परत करता येत नाही आणि वहीतून पुसताही येत नाही.

थांबणाऱ्यांसाठीही चर्चमध्ये जागा आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. बाप्तिस्मा न झालेल्या लहान मुलांसाठी आशीर्वादाचा विधी आहे. फादर बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, कसलीही शपथ नाही, नोंद नाही. पुढे सातव्या वर्षानंतर मुलाने मागितलं तर त्याला समज आलेल्यांच्या वाटेने, म्हणजे स्वतः शिकून, बाप्तिस्मा घेता येतो. हा दुय्यम दर्जाचा मार्ग नाही. पहिल्या शतकांत तर मोठी माणसं याच वाटेने आली.

थांबायचं ठरलं की घरात भीती शिरते. आजीच्या मनात बसलेलं असतं की बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल देवाला मुकतं. चर्च आज असं शिकवत नाही; अशा बाळांना ते देवाच्या दयेवर सोपवतं, आणि २००७ मध्ये रोममध्ये ईशज्ञानाच्या अभ्यासकांच्या आयोगाने या बाळांच्या तारणाबद्दल आशा बाळगायला भक्कम कारणं आहेत, असं सविस्तर मांडलंय. हे आजीपर्यंत पोचलेलं नसतं. मग दुपारी सगळे झोपले की ती न्हाणीघरात बाळाच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतते आणि शब्द उच्चारते. शब्द आणि पाणी बरोबर असेल आणि मनात हेतू असेल, तर तो बाप्तिस्मा खरा ठरतो. पण आईबापांच्या संमतीशिवाय केलेला म्हणून गैर ठरतो. नोंद कुठेच नसते. मूल वीस वर्षांनी लग्नासाठी चर्चमध्ये आलं की प्रश्न उभा राहतो : झाला होता की नव्हता? आजी हयात नसते. बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही, आणि शंका फिटत नसेल तर ‘आधी झाला नसेल तर’ अशी अट घालून द्यावा लागतो. आजीवर रागावून उपयोग नाही. तिला फादरांच्या भेटीला सोबत न्या. तिची भीती तेच दूर करू शकतात.

जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र हे सगळं बाजूला राहतं. एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळासाठी फादरांची वाट बघायला वेळ नसेल तर कुणीही, नर्ससुद्धा, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी, चर्चला अभिप्रेत असलेलं करण्याच्या हेतूने बाप्तिस्मा देऊ शकते. साधं पाणी कपाळावरून वाहील एवढं घ्यायचं आणि म्हणायचं : ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो.’ इथे थेंब नुसता टेकवून भागत नाही, पाणी ओघळलं पाहिजे. बाळ वाचलं की पॅरिशला, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चला, कळवायचं, वहीत नोंद करायची. राहिलेले विधी नंतर चर्चमध्ये होतात, पाणी पुन्हा ओतत नाहीत.

कागदांचं गणित नागपुरात एका गोष्टीमुळे अवघड होतं : पहिलं बाळंतपण माहेरी. जोडपं राहतं पुण्याला किंवा बंगळुरूला, बाळ जन्मतं नागपुरात, आणि आईच्या माहेरच्या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा उरकून परत जायचं असतं. चर्चचा नियम मात्र आईबाप जिथे राहतात तिथल्या पॅरिशचा आहे. दुसरीकडे करायचा तर रास्त कारण हवं, आणि राहत्या पॅरिशचं संमतीपत्र मागितलं जातं. चर्चला न जाणाऱ्यांना इथे प्रश्न पडतो की आमचं पुण्यातलं पॅरिश कोणतं? उत्तर सोपं आहे. पॅरिश वर्गणीने किंवा नाव नोंदवून ठरत नाही, पत्त्यावरून ठरतं. ज्या हद्दीत तुमचं भाड्याचं घर, ते तुमचं पॅरिश. तुम्ही तिथे एकदाही गेला नसलात तरी. आठव्या महिन्यात, बाईला माहेरी आणण्याआधी, तिथल्या फादरांना भेटून यावं. कायद्यातही आहे की बाळ जन्मल्यावर लगेच, किंबहुना त्याआधीच, पॅरिशकडे जावं.

नागपूरच्या ऑफिसात जाताना जवळ ठेवायचं ते असं : बाळाचा महापालिकेचा जन्मदाखला, कॅथलिक आईचा किंवा बापाचा बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला (चर्चचा असो वा नोंदणीचा), धर्मपालकांचे दृढीकरणाचे दाखले आणि त्यांच्या पॅरिशचं पत्र, दोन्ही आईबापांची ओळखपत्रं. परगावच्या धर्मपालकाचं पत्र यायला वेळ लागतो, त्याच्या मागे सगळ्यात आधी लागा. आईबाप आणि धर्मपालकांसाठी तयारीचा वर्ग असतो. तो टाळायची गोष्ट नाही, कारण फादरांशी मोकळं बोलायची हीच जागा. ‘आम्ही येत नाही’ हे इथेच सांगून टाकावं. लपवलेलं पहिल्या पाच मिनिटांत कळतंच, कधी उठायचं आणि कधी बसायचं यावरून.

आणि हॉल? फादरांनी तारीख दिल्याखेरीज हॉल, केक, केटरर यातलं काहीही पक्कं करू नका. हॉल आधी आणि चर्च नंतर ठरवलं की तयारीचा वर्ग बुडतो, धर्मपालकाचं पत्र येत नाही, आणि आगाऊ रक्कम वाचवण्यासाठी फादरांवर दबाव आणला जातो. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) अनेक ठिकाणी बाप्तिस्मे ठेवत नाहीत हेही लक्षात असावं. पैशाचं तर मोकळेपणाने विचारावं. चर्चच्या अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या अर्पणापलीकडे मागायचं नाही आणि गरिबाला पैशांवाचून संस्कार नाकारायचा नाही, असा चर्चचा कायदाच आहे.

नावाबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. संताचंच नाव हवं, असा नियम नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं, इतकंच. आन्वी, मल्हार, तन्मय, सगळी चालतात. पण घरोघरी होतं असं की महापालिकेत ‘आन्वी’, बाप्तिस्म्याच्या वहीत ‘मारिया आन्वी’, आधारवर तिसरंच स्पेलिंग. पुढे शाळेत आणि लग्नात हा फरक निस्तरता निस्तरत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि नाव वर्षभरात बिनशुल्क घालता येतं. तेव्हा नाव आधी महापालिकेत घाला, मग तेच अक्षर न अक्षर चर्चच्या अर्जात लिहा. हिंदू आजीआजोबांना बारसं करायचं असेल तर घरी पाळणा बांधून करावं. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती बारसं नव्हे. दोन्हींची गल्लत टाळली तर भांडणच उरत नाही. बाप केरळी सिरो-मलबार आणि आई लॅटिन (कॅथलिक चर्चच्याच दोन वेगळ्या परंपरा) असेल तर मूल कोणत्या चर्चचं, तेही तेव्हाच ठरवून वहीत लिहून घ्यावं.

संमतीबद्दल मी कायद्यापेक्षा कडक आहे. कलम ८६८ ला एकाची संमती पुरते. नागपुरात दोघांची लेखी सही घ्यावी. धर्मांतराचा संशय या शहराला नवा नाही. नागपूर राजधानी असताना १९५४ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला निवृत्त मुख्य न्यायमूर्ती नियोगी यांची समिती नेमली होती, आणि १९५६ च्या तिच्या अहवालाचे दाखले आजही दिले जातात. एका पालकाच्या पाठीमागे केलेला बाप्तिस्मा त्या घराचंही वाटोळं करतो आणि पॅरिशचंही. सही घेणं हा अविश्वास नाही, तो दुसऱ्या पालकाचा मान आहे.

याच बैठकीत जातीच्या दाखल्याचाही विषय निघायला हवा, आणि तो सहसा निघत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ख्रिस्ती त्यात येत नाहीत. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईंचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. त्यांचा बाप्तिस्मा अगदी बालपणी झालेला होता आणि त्या चर्चला जात होत्या. बाप अनुसूचित जातीचा आणि आई कॅथलिक अशा घरात मुलाच्या बाप्तिस्म्याचा पुढे काय परिणाम होईल, हे आधी जाणकार वकिलाला विचारून घ्यावं. माझ्या मते दलित ख्रिस्ती माणसाला यादीबाहेर ठेवणं हा अन्याय आहे. पण अन्याय आहे म्हणून तो आईबापांपासून लपवणं, हा आणखी एक अन्याय होईल.

प्रत्यक्ष दिवशी घोटाळे होतात ते कपड्यांपासून. बाळाला घरूनच सॅटिनचा, अस्तराचा, बंद गळ्याचा पांढरा झगा घालून आणतात. विधीत छातीवर तेल लावायचं असतं, तेव्हा गळा उघडत नाही. धर्ममाता पाठीवरची बटणं शोधत बसते आणि बाळ रडायला लागतं. साधा, पुढून उघडणारा सुती अंगरखा घाला. पांढरं वस्त्र विधीत पाण्यानंतर द्यायचं असतं, ते तेव्हाच वरून पांघरा. मे महिन्यात पारा ४५ च्या वरही जातो. सकाळी सातची वेळ मागून घ्या. डिसेंबरच्या सकाळी कुंडातलं पाणी गार असतं, कोमट पाणी घालायला आधी सांगून ठेवा. दाट जावळ असेल तर पाणी केसांवरून घरंगळतं, म्हणून टोपडं आधीच काढा आणि केस बाजूला सारा. पाणी कातडीला लागलं पाहिजे, तीनदा. डोकं कुंडावर थोडं खाली, मानेखाली तळहात, चेहरा वर, म्हणजे नाकात पाणी जात नाही. पाण्यानंतर टाळूला क्रिस्मा तेल लागतं, लगेच खसाखसा पुसू नका.

बाळाची मेणबत्ती पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात, ती धर्मपित्याच्या हातात असते आणि डोक्यावर पंखे गरगरत असतात. नेटचा झगा आणि ज्योत यांत हातभर अंतर ठेवा, तो एक पंखा बंद करायला सांगा. बाळंतिणीला खुर्ची हवी. अर्धा पाऊण तास तिने उभं राहू नये. बाळाला निघण्याआधी पाजून घ्या.

शब्दांत बदल मात्र कुणीही सुचवू नये. ‘सगळं कुटुंब मिळून देतोय’ म्हणून ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हटलेला बाप्तिस्मा होतच नाही, असा रोमचा स्पष्ट निर्वाळा ऑगस्ट २०२० मध्ये आला. शब्द ‘मी’ असाच हवा.

सगळं आटोपून फोटोसाठी बाहेर पडण्याआधी वहीपाशी जा. मुलाचं नाव, जन्मतारीख आणि जन्मठिकाण, आईबापांची नावं, धर्मपालकांची नावं, बाप्तिस्म्याची तारीख, अक्षर न अक्षर वाचून बघा. चूक त्याच वेळी दुरुस्त होते, वीस वर्षांनी नाही. त्याच पानावर दृढीकरण आणि लग्न यांच्या नोंदींसाठी जागा मोकळी असते. आणि पॅरिशने त्या दिवशी आपल्या डायरीत आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी, जी कुठल्याच नियमात नाही : धर्ममातेचा फोन नंबर, आणि मूल सात वर्षांचं होईल ते साल. त्या वर्षी जूनमध्ये, धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, आईबापांना नव्हे, तिला फोन करावा.